केस विरळ झाले, आता जमेल का?

"डॉक्टर, लग्नाआधी केस परत येतील ना?" पुण्या-मुंबईत असो की नांदेड-जळगावात, त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पंचविशीतल्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. कधी मुलगा स्वतः विचारतो, कधी सोबत आलेली आई विचारते आणि मुलगा खाली मान घालून बसतो. या एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. माझ्या केसांचं काय होतंय, हा एक. मला कुणी पसंत करेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही असं पुष्कळ मुलं मनाशी ठरवतात, आणि तिथेच घोटाळा होतो. केस येतील तेव्हा येतील. तोवर दोन-तीन वर्षं स्थळं टाळण्यात, फोटो टाळण्यात, मित्रांच्या लग्नांना न जाण्यात निघून जातात.

या प्रकरणात मी एक बाजू घेऊन लिहिणार आहे. केस जाण्याने माणसाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ते लपवण्याने होतं. उपचार जरूर घ्या, पण भेटीगाठी थांबवू नका. हे पटायला आधी डोक्यावर काय घडतंय ते समजून घ्यावं लागेल.

१. रोज किती केस गेले तर घाबरायचं?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं आयुष्य तीन टप्प्यांचं. पहिला वाढीचा, तो २ ते ६ वर्षं चालतो आणि त्या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर लांब होतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं. शेवटी साधारण तीन महिने केस वाढ थांबवून नुसता बसून राहतो, गळतो, आणि त्याच मुळातून नवा केस वर येतो.

कुठल्याही दिवशी साधारण दहातला एक केस या शेवटच्या टप्प्यात असतो. आता हिशेब करा. एक लाखाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार केस. ते सुमारे शंभर दिवसांत गळायचे आहेत. म्हणजे रोज शंभर. डॉक्टर "रोज ५० ते १०० केस गेले तर काळजी नको" म्हणतात ते या हिशेबाने. जो आठवड्यातून एकदाच डोकं धुतो, त्याच्या हाताला त्या दिवशी सगळ्या आठवड्याचे सैल झालेले केस लागतात आणि तो हादरतो.

म्हणून उशीवरचे केस मोजू नका. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाची खूण वेगळी असते. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, टाळूवरचा भोवरा रुंद होतो, आणि त्या जागेचे केस हाताला बारीक, मऊ लागतात. अमेरिकी डॉक्टर ओ'टार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये याच्या सात पायऱ्यांचा तक्ता सुधारून मांडला. आजही डॉक्टर "तिसरी पायरी", "पाचवी पायरी" अशाच भाषेत बोलतात. घरच्या घरी बघायचं असेल तर दर तीन महिन्यांनी, एकाच खिडकीपाशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा एक फोटो काढा. रोज आरशात पाहून बदल कळत नाही, फक्त जीव टांगणीला लागतो.

सगळी केसगळती मात्र या प्रकारातली नसते. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा उपासमारीचं डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात, आणि बहुतेकांचे सहा महिन्यांत परत येतात. चाई पडते तेव्हा नाण्याएवढा गोल डाग एकदम गुळगुळीत होतो. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे बायका, मुलं, म्हातारे सगळेच होते, आणि अनेकांना पुन्हा केस आले. तेव्हा केस अचानक, पुंजक्यांनी किंवा खाज-खपल्यांसह जात असतील तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

२. पुण्याचं पाणी, हेल्मेट आणि खरं कारण

"पुण्याला आलो आणि पाणी लागलं." होस्टेलच्या बोअरवेलला, सोसायटीच्या टँकरला दोष देणारी मुलं शेकड्यांनी भेटतील. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण मूळ मरत नाही. मुलगा शिकायला किंवा नोकरीला गाव सोडतो ते वय १८ ते २५ असतं, आणि वंशपरंपरेचं टक्कल डोकं वर काढतं तेही त्याच वयात. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि दोष पाण्यावर येतो. हेल्मेटनेही टक्कल पडत नाही, दुचाकीवर ते न चुकता घाला. वस्तरा फिरवल्याने केस दाट येत नाहीत. हस्तमैथुनाचा केसांशी काहीही संबंध नाही. ही शेवटची भीती मुलं कुणाजवळ बोलत नाहीत आणि वर्षानुवर्षं अपराधी वाटून घेतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खरं कारण अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढावे लागले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागे सरकू लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांचे टिकले. म्हणजे दोन गोष्टी लागतात: संप्रेरक आणि वारसा.

पुढे साखळी आणखी स्पष्ट झाली. शरीरातलं एक विकर टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डीएचटी नावाच्या जास्त प्रभावी संप्रेरकात करतं. कपाळावरची आणि टाळूवरची मुळं वारशाने डीएचटीला हळवी असतील तर ती दर फेरीला लहान होत जातात. ऊस माहीत असणाऱ्याला हे लगेच कळेल. लागणीचा ऊस जाड येतो, खोडवा त्याहून बारीक, निडवा आणखी बारीक. बेणं तेच, जमीन तीच, पण दर तोडणीनंतर कांडी आखूड होत जाते. टक्कल पडतं ते असं. केस एका रात्रीत उपटले जात नाहीत. दर नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि कमी आयुष्याचा येतो, आणि शेवटी नुसती लव उरते. कानामागची आणि मानेवरची मुळं हळवी नसतात, म्हणून तिथली झालर टिकते.

टक्कल असलेल्यांमध्ये पुरुषी संप्रेरक जास्त असतं असं नाही. इतरांइतकंच असतं, फरक मुळांच्या हळवेपणात. म्हणून टक्कल हा जास्त पुरुषार्थाचा पुरावा नाही आणि अशक्तपणाचाही नाही. "मामाला टक्कल तर भाच्याला टक्कल" यात थोडं तथ्य आहे, कारण संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं. पण या कामात शेकडो जनुकं गुंतलेली आहेत. वडिलांकडेही बघावं लागतं.

आणि हे किती सर्रास आहे? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका पाहणीत ३० ते ५० वयाचे १,००५ पुरुष तपासले गेले. त्यांतल्या ५८ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात हाच त्रास होता.

३. जी औषधं खरंच काम करतात

जाहिरातींच्या गर्दीत, ज्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे अशी औषधं मुख्यतः दोन. दोन्हींचा जन्म वेगळ्याच वाटेने झाला.

मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. अमेरिकेत १९७९ मध्ये ती त्यासाठी बाजारात आली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. मग तेच औषध डोक्याला लावायचं द्रावण म्हणून तयार झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, कारण थांबून बसलेले केस नव्या वाढीसाठी जागा सोडतात. नेमकं याच वेळी घाबरून लोक बाटली फेकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात.

दुसरं फिनास्टेराइड. याची कथा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सॅलिनास गावातून सुरू होते. तिथल्या काही कुटुंबांत मुलगी समजून वाढवलेली मुलं वयात येताना पुरुषासारखी होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं: या मुलांमध्ये डीएचटी बनवणारं विकर जन्मतःच अपुरं होतं. हे पुरुष मोठे झाले तरी त्यांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत नव्हते, आणि पौरुषग्रंथीही (प्रोस्टेट) लहान राहत होती. ते विकर औषधाने रोखलं तर काय होईल, या विचारातून फिनास्टेराइड आलं. १९९२ मध्ये पौरुषग्रंथीच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी, आणि १९९७ मध्ये केसांसाठी १ मिलिग्रॅमची.

दोन वर्षांच्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची केसांची संख्या टिकली किंवा वाढली. नुसती साखरगोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होतं. म्हणजे आहेत ते राखण्यात हे औषध चांगलं आहे. ते लवकर सुरू केलं तर उपयोग, गुळगुळीत झालेल्या टाळूवर फारसा नाही.

पण ही गोळी मित्राने सांगितली म्हणून घ्यायची नाही. थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा किंवा ताठरता कमी होते, वीर्याचं प्रमाण घटतं. बहुतेकांचं औषध थांबवल्यावर पूर्ववत होतं, काहींनी त्रास रेंगाळल्याच्या तक्रारी केल्या आहेत. मन खिन्न होणं, आत्महत्येचे विचार येणं याचीही नोंद झाली असून युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय, त्याने डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगावं. गर्भवती बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हाही डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

तेलाचं काय? माका, जास्वंद, कांद्याचा रस, आजीची लोखंडी कढई. तेलाने केस मऊ राहतात, तुटणं कमी होतं, आणि आजीचे हात डोक्यावरून फिरले की बरं वाटतं. तेवढ्यासाठी जरूर लावा. डीएचटीने बारीक झालेलं मूळ तेलाने पुन्हा जाड होतं याचा भक्कम पुरावा नाही. आपल्या देशाच्या औषध नियमांमधल्या 'अनुसूची जे'मध्ये ज्या आजारांवर औषधाने बरं करण्याचा दावा करू नये अशांची यादी आहे, आणि टक्कल त्या यादीत आहे. "तीन महिन्यांत टक्कल गायब" असं वाचलं की हे आठवा.

४. हेअर ट्रान्सप्लांटचा हिशेब

न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की मानेकडचं मूळ कपाळावर लावलं तरी ते आपला स्वभाव सोडत नाही, तिथेही टिकतं. ट्रान्सप्लांट त्यावर उभं आहे. म्हणजे नवे केस तयार होत नाहीत, असलेले हलवले जातात.

मुळांसकट हलवलेल्या केसांच्या एका पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात, त्यात एक ते चार केस असतात. जागा बऱ्यापैकी भरलेली दिसायला एका चौरस सेंटीमीटरला सुमारे ४० ग्राफ्ट लागतात. फक्त पुढचा ५० चौरस सेंटीमीटरचा पट्टा भरायचा तर २,००० ग्राफ्ट. पण कपाळापासून भोवऱ्यापर्यंत २०० चौरस सेंटीमीटर मोकळं असेल तर ८,००० लागतील, आणि मागची बाजू उघडी न पडता सगळ्या आयुष्यात साधारण पाच-सहा हजारच काढता येतात. हिशेब बसत नाही. चोविसाव्या वर्षी घाईने पुढची ओळ खाली आणून भरली, आणि मागचे मूळचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर पुढे लावलेला पट्टा आणि मागे मोकळं मैदान असं रूप होतं. चांगला डॉक्टर अशा मुलाला थांबायला सांगतो, आधी औषध देतो.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्याने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट बसवून घेतले आणि नंतर दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या: हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं. म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण करणार, त्यांची पदवी कोणती, आणि अचानक काही झालं तर तिथे काय सोय आहे. मोघम उत्तर मिळालं तर उठून या. मुहूर्त जवळ आलाय म्हणून तर हे काम कधीच करू नये; लावलेले केस आधी गळतात आणि नीट दिसायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

५. समोरच्याला काय दिसतं?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे.

कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल असं नंतर विचारलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्शाच्याच लक्षात आलं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आपल्यात जे खुपतं त्यावर सगळ्यांची नजर आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपली नजर त्यावर असते.

याचा अर्थ टक्कल कुणाला दिसतच नाही असा नाही. दिसतं. अनोळखी माणसाच्या पहिल्या फोटोवरून मत द्यायला सांगितलं तर विरळ केसांच्या पुरुषाला सरासरीने थोडं जास्त वयाचं आणि थोडं कमी आकर्षक ठरवलं जातं, असं अनेक अभ्यासांत आढळलंय. कांदेपोह्यांनंतर "मुलगा चांगला आहे, पण वय जास्त वाटतं" असा निरोप येतो, त्यामागे बहुधा हेच असतं. काही मुली फक्त यासाठी नकार देतील. हे सत्य मी गोड करून सांगणार नाही.

पण अल्बर्ट मॅनिस यांच्या २०१२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात एक उपयोगी बाब दिसली. त्यांनी काही पुरुषांचे फोटो घेतले आणि त्याच फोटोंत संगणकावर केस काढून टाकले. पूर्ण भादरलेलं डोकं असलेला तोच माणूस लोकांना जास्त खंबीर, थोडा उंच, जास्त ताकदवान वाटला. दिसण्यात मात्र किंचित डावा. सगळ्यांत खाली कोण गेलं? विरळ केस तसेच ठेवलेले. म्हणजे केस जाण्यापेक्षा केसांचं काय करायचं ते न ठरवणं जास्त महागात पडतं.

म्हणून एका बाजूचे केस वाढवून दुसऱ्या बाजूला नेणं आज थांबवा. वाऱ्याने ते उडतात, आणि सगळा वेळ तुमचा हात डोक्यावर असतो. सलूनमध्ये दादांना सांगा, बाजूने एक नंबर, वर दोन नंबर मशीन मारा. महिनाभर तसं राहून बघा, मग हवं तर झीरो. दाढी येत असेल तर नीट कोरलेली ठेवा. उन्हात टाळू भाजते, तिथेही सनस्क्रीन लावा.

आपल्याकडे एक अडचण खास आहे. डोक्यावर वस्तरा म्हटलं की घरात दुःख झालं असं लोक समजतात. "घरात सगळे सुखरूप असताना गोटा कशाला?" असं आई म्हणते तेव्हा तिच्या मनात ते क्षौर असतं. तिच्याशी भांडू नका. तिला आधी सांगून ठेवा, आणि मशीनवरच थांबा, वस्तरा नको. दोन-तीन महिन्यांत घरच्यांची नजर सरावते.

६. लपवण्याची किंमत

नोव्हेंबर २०१९ मध्ये एकाच विषयावरचे दोन हिंदी चित्रपट आठवड्याभराच्या अंतराने लागले: 'उजडा चमन' आणि 'बाला'. पहिला २०१७ च्या 'ओंदू मोट्टेय कथे' या कन्नड चित्रपटावरून केलेला. 'बाला'चा नायक विग घालून प्रेम जमवतो, लग्न करतो, आणि बायकोला कळतं तेव्हा ती निघून जाते. चित्रपट म्हणून तो सोपा असेल, पण त्यातली अडचण खरी आहे. ती बाई केसांमुळे गेली की फसवणुकीमुळे, हे त्याला आता कधीच वेगळं काढता येणार नाही.

समजा, २८ वर्षांचा एक मुलगा विवाहमंडळाच्या संकेतस्थळावर सहा वर्षांपूर्वीचा फोटो लावतो. त्या फोटोवर दहा होकार येतात. भेटीत दहाही जणी काही क्षण गोंधळतात, कारण समोर वेगळा माणूस आहे. तो गोंधळ त्याला घृणा वाटतो. आता त्याने गेल्या महिन्यातला फोटो लावला असं धरू. कदाचित चारच होकार येतील. पण ज्या चौघी येतील त्या पाहून आलेल्या असतील, आणि पोह्यांची बशी हातात येईपर्यंत केसांचा विषय संपलेला असेल. पहिल्या वाटेने दहा वेळा अपमान झाल्यासारखं वाटतं, दुसऱ्या वाटेने चार खऱ्या भेटी होतात.

टोपी, ठरावीक कोनातला सेल्फी, बोटांनी सारखे केस पुढे ओढणं, पोहायला न जाणं, पावसात न भिजणं, खुर्ची भिंतीला लावून बसणं. यातली प्रत्येक गोष्ट क्षुल्लक. पण मन सगळा वेळ पहाऱ्यावर बसतं, आणि समोरची मुलगी काय सांगतेय ते कानात शिरत नाही. तिला तुटकपणा जाणवतो, तिच्या दृष्टीने ती भेट कंटाळवाणी ठरते, आणि मुलगा घरी येऊन म्हणतो, "बघ, केसांमुळे."

रजनीकांत पडद्यावर दाट केसांत दिसतात आणि समारंभांना विरळ डोक्याने, साध्या कपड्यांत येतात. अनुपम खेर यांनी १९८४ मध्ये 'सारांश'मध्ये म्हातारा शिक्षक उभा केला तेव्हा ते तिशीचेही नव्हते आणि केस जायला लागले होते. दिसण्यावर पोट असलेल्या धंद्यात या दोघांनी हे लोकांपासून लपवलं नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. माझं टक्कल कुणी समजून घ्यावं असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या बायोडेटातला अपेक्षांचा रकाना पुन्हा वाचावा. 'गोरी, सडपातळ, सुंदर' असं तिथे लिहिलेलं असेल तर ते खोडावं. मुलींना रंगावरून, वजनावरून, उंचीवरून तोंडावर बोललं जातं, आणि तेही शाळेपासून. स्वतःसाठी जी माया मागायची ती आधी दुसरीला द्यायला हवी.

७. पहिल्या भेटीत बोलायचं कसं?

विषय लवकर, एकदाच आणि साध्या आवाजात काढा. ठरवून होणाऱ्या भेटीत असं म्हणता येईल: "एक सांगतो. माझे केस कमी झालेत, बाबांचंही तसंच होतं. पुढे आणखी जातील. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा." आणि पुढच्या विषयाकडे वळा. ॲपवर ओळख झाली असेल तर भेटण्याआधी एक ओळ पुरे: "फोटो गेल्याच महिन्यातला आहे, समोर असाच दिसेन." यानंतर "तुला चालेल ना? नक्की ना?" असं पुन्हापुन्हा विचारू नका. त्याने समोरच्या व्यक्तीवर तुम्हाला धीर देण्याचं काम पडतं.

स्वतःच्या टकलावर आपणच विनोद करत सुटणं हाही लपवण्याचाच प्रकार आहे. दुसरा मारेल त्याआधी आपण मारून घ्यायचं. नातेवाइकांच्या लग्नात कुणी "अरे, चंद्र उगवला!" म्हणालं तर "हो काका, गेले केस. तुमचा गुडघा कसा आहे?" एवढं पुरतं.

नकाराची भीती कशी घालवावी याचं एक खरं उदाहरण अल्बर्ट एलिस यांचं आहे. पुढे १९५५ मध्ये त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. त्याआधी, एकोणिसाव्या वर्षी, ते मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या बाईशी बोलायचं. महिन्याभरात १३० जणींशेजारी ते बसले. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायचं एकीनेच कबूल केलं, आणि ती आली नाही. तरी एलिस यांची भीती गेली, कारण इतके नकार मिळूनही भयंकर काही घडलं नव्हतं. आज बागेत अनोळखी बाईशेजारी जाऊन बसू नका. तिला ते त्रासदायक होईल. त्याऐवजी जिथे लोक बोलायलाच जमतात तिथे जा: ट्रेकिंगचा गट, नाटकाची तालीम, गणेशोत्सवाचं ढोलपथक, वधू-वर मेळावा.

एलिस यांची मुख्य शिकवण मी अशी मांडेन. "केस असते तर बरं झालं असतं" ही इच्छा झाली. ती बाळगायला हरकत नाही. "केस असलेच पाहिजेत, नसतील तर मी कुणाच्या लायकीचा नाही" ही सक्ती झाली, आणि दुःख या दुसऱ्या वाक्यातून येतं. रात्री झोप येत नसेल तेव्हा मनातलं वाक्य वहीत लिहून काढा आणि त्यात 'पाहिजेच' कुठे आहे ते शोधा. एका मुलीचा नकार म्हणजे एका मुलीची आवड. त्यावरून उरलेल्या सगळ्यांचं मत काढता येत नाही.

८. केसांपलीकडे

काहींची गोष्ट इथवर येऊन थांबत नाही. दिवसातले दोन-तीन तास आरशापुढे जातात, नोकरीवर जावंसं वाटत नाही, जेवण तुटतं, इतरांना फारसा न दिसणारा विरळपणा त्यांना मात्र असह्य होतो. कधी जगणंच नकोसं वाटतं. अशा वेळी आणखी एक ट्रान्सप्लांट किंवा आणखी एक सीरम याने सुटका होत नाही. घरच्यांनी "एवढ्याशा केसांसाठी काय?" म्हणू नये. त्याच्याजवळ बसावं, तो काय म्हणतो ते ऐकावं, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच्यासोबत जावं. फिनास्टेराइड चालू असेल तर ते त्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं.

लगेच कुणाशी बोलायचं असेल तर भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. तिथे मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. फोन करा.